जोडीतला दुसरा

“परत बिघडलंय बघ, नागेंद्र. येऊन जा,” एवढं बोलून आण्णासाहेबांनी फोन ठेवून दिला. उत्तराला थांबायची त्यांची पद्धतच नव्हती. जन्मभर निपाणीत तंबाखूचा व्यापार केलेला माणूस, दुसऱ्याचं ऐकून घ्यायची सवय कुठून असणार, असं मनाशी म्हणत नागेंद्र पिशवीत सोल्डरिंगचं सामान भरू लागला.

त्याला या फेऱ्यांचा कंटाळा आला होता. वय अठ्ठावन्न, गुडघे कुरकुरणारे. उचगावच्या घरातून बेळगावला दुकानात, दुकानातून स्टँडवर, तिथून संकेश्वरवरून निपाणी. सहा वर्षं, दर दोन-तीन महिन्यांनी हाच हेलपाटा. आणि तक्रार तरी कुणाकडे करणार? आण्णासाहेबांचा ॲम्प्लिफायर बिघडत होता तो नागेंद्रमुळेच.

जुनी विलायती यंत्रं शोधायची, नीट करायची आणि शौकिनांना द्यायची, हा त्याचा धंदा. पण हे यंत्र त्याला स्वतःसाठी हवं होतं. आण्णासाहेबांच्या वडिलांनी साठ वर्षांपूर्वी मुंबईहून एकसारखे दोन वाल्व्हचे ॲम्प्लिफायर आणले होते. एक डाव्या स्पीकरसाठी, एक उजव्यासाठी. पुढे भावाभावांच्या वाटण्या झाल्या. जमीन, वखार, भांडीकुंडी निम्मी-निम्मी झाली, तेव्हा या शहाण्यांनी ती जोडीही वाटून घेतली. बैलजोडी फुटली तर गाव हळहळतं. इथं कुणाला काही वाटलं नाही.

धाकट्या भावाच्या वाटणीचा ॲम्प्लिफायर नागेंद्रने गुपचूप विकत घेतला आणि दुकानाच्या माळ्यावर झाकून ठेवला. तेव्हापासून दुसऱ्यासाठी त्याचा जीव टांगणीला लागला होता.

आण्णासाहेब विकायला तयार नव्हते. “राजमतीचा जीव व्हता त्यात,” एवढंच म्हणायचे. बायको जाऊन आठ वर्षं झाली तरी.

मग नागेंद्रला ती बुद्धी सुचली. दुरुस्ती करताना सोल्डरचा एक जोड कच्चा ठेवायचा. वाल्व्ह तापले की जोड ढिला व्हायचा आणि भजनामागे घरघर सुरू व्हायची. कधीतरी म्हातारा वैतागेल, ने बाबा म्हणेल. मजुरी तो घेत नसे, त्यामुळे आपण फार वाईट वागतोय असंही त्याला वाटत नव्हतं.

आण्णासाहेबांचं दार नेहमीसारखं सताड उघडं होतं. ॲम्प्लिफायर पुसूनबिसून लख्ख ठेवलेला.

“आलास? बस. हिकडं, माझ्याकडं बघून बोल.” हेही नेहमीचंच. जुन्या लोकांच्या रीतीच वेगळ्या.

नागेंद्रने भजनाची तबकडी लावली. पाव तासात घरघर सुरू झाली. त्याने ॲम्प्लिफायरची पेटी उलटी केली, तळाचा पत्रा काढला आणि मान आत घातली. जोड तोच, मागच्या खेपेला त्यानेच ठेवलेला.

“लई जुनं झालंय, आण्णा,” मान वर न करता तो म्हणाला. “किती दिवस सांभाळणार? देऊन टाका की कुणाला तरी.”

उत्तर आलं नाही. हा विषय काढला की म्हातारा असाच मुका व्हायचा. मालुबाई, घरात स्वयंपाकपाणी बघणारी बाई, दारात आली आणि मालकांना हातानेच जेवायची खूण करून गेली. मालकांपुढे बोलायची तिची टाप नसावी.

काम उरकून नागेंद्रने तबकडी पुन्हा लावली. आण्णासाहेब स्पीकरकडे नव्हे, त्याच्या तोंडाकडे बघत होते.

“बरं वाजतंय न्हवं?”

“झकास.”

“मग झालं. चल, जेवू या.”

जेवणं झाली. नागेंद्र पिशवी उचलणार, तोच एक्क्याऐंशी वर्षांच्या त्या माणसाने त्याच्यासमोर हात जोडले.

“आज आमची जैनांची क्षमावाणी. वर्षाचं चुकलंमाकलं आज मागून घ्यायचं असतंय. नागेंद्र, तुला म्या लई हेलपाटं घातलं. जाणूनबुजून घातलं, तू यावंस म्हणून. क्षमा कर बाबा.”

“आण्णा, असं काय बोलताय?”

“यंदा परिग्रह, जवळ साठवलेलं, कमी करायचं व्रत घेतलंय. ती पेटी तू घेऊन जा. पैसं नगंत.”

क्षमा मागणाऱ्याची उलटून क्षमा मागायची असते, एवढं या भागात राहून नागेंद्रला ठाऊक होतं. त्याने हातही जोडले. पण क्षमा न मागताच, खाली मान घालून त्याने पेटी उचलली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात दोन्ही ॲम्प्लिफायर शेजारी शेजारी लागले. आवाज असा भरून आला की रस्त्यावरचे दोघे थांबले. सहा वर्षं ज्यासाठी काढली ते हेच. पण पाव तासाने उजवीकडून घरघर सुरू झाली. काल, नुसत्या सवयीने, त्याने जोड कच्चाच ठेवला होता.

नागेंद्रला स्वतःची शिसारी आली. त्याने तबकडी थांबवली आणि फोन लावला.

“हां नागेंद्र, बोल,” पलीकडून आवाज आला.

तो बोलला. एका दमात सगळं बोलला. धाकट्या भावाचा ॲम्प्लिफायर, माळा, कच्चे जोड, सहा वर्षांतली एकेक घरघर, काही म्हणता काही ठेवलं नाही. “तुम्ही माझ्यापुढं हात जोडलासा, आण्णा, आणि पापी मी हाय. मला क्षमा करा.” किती वर्षांचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

पलीकडे शांतता होती.

“आण्णा, शिव्या घाला. पण काय तरी बोला.”

फोनमध्ये खुडबूड झाली आणि मालुबाईचा आवाज आला.

“मेकॅनिकआण्णा व्हय? मालकांनी तुमचं नाव बघून फोन उचलला, आता नुसता कानाला लावून बसल्यात आन् हसाय लागल्यात. काय निरोप आसंल त्यो मला सांगा, म्या खुणंनं सांगती. राजमतीआक्का गेल्या त्या वर्सापासनं त्यास्नी कायबी ऐकू येत न्हाय.”