ग्रीक पुराणांचा तास

क्लेमेंटीन ही इंग्रजी साहित्याच्या वर्गातली एकुलती एक विद्यार्थिनी. पाश्चात्त्य कविता कळायची तर आधी ग्रीक-रोमन पुराणं कळायला हवीत, म्हणून विद्याधर सर तिच्या एकटीसाठी रोज तासभर जीव ओतून शिकवत. १९७९ च्या दिवाळीनंतर तिचं येणं थांबलं. पंधरा दिवस सर रिकाम्या बाकासमोर घंटा होईपर्यंत बसून राहिले. शेवटी एका रविवारी ते राजोडीला तिच्या घरी गेले.

तिची आई पॉलिन ओट्यावर विड्याची पानं निवडत होती. "सर, ती कुवेतला गेली. नोकरी लागली. घाईघाईत तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं."

सर उठले, तशी ती म्हणाली, "तुम्ही शिकवलेली गोष्ट ती रोज संध्याकाळी मला सांगायची. आता घरात बोलायला कुणी नाही. तो गवई मेलेल्या बायकोला पाताळातून परत आणत होता. वर पोचेपर्यंत मागं बघायचं नाही, अशी अट होती. तिथपर्यंतच सांगून पोरगी गेली. पुढं काय झालं?"

सरांच्याही घरी वाट पाहणारं कुणी नव्हतं. ते पुन्हा बसले.

"त्यानं वळून पाहिलं. आणि ती कायमची गेली."

"क्लेमेंटीनला ठाऊक होतं हे?"

"हो."

पॉलिनच्या हातातली पानं हातातच राहिली. ती म्हणाली, "विमानतळावर पोरीनं एकदासुद्धा मागं वळून पाहिलं नाही. तेव्हापासून मी रुसले होते हो तिच्यावर."