सगुणचा नवा कटर

"काका, लांब पात्याचोच घ्या. एका दमात आंबो आडवो," म्हापशाचा दुकानदार सगुणला पटवत होता. कटर घेणार होती सिद्धी, पण गडी बोलत होता तिच्या बापाशी.

सिद्धीने तो लाकूड कापायचा दांडगा कटर बापाच्या हातातून काढून सरळ काउंटरवर ठेवला. "ह्याका ब्रेक खंय आसा?"

"बाय, ह्याका चाकां नाय, मगे ब्रेक कित्याक?" दुकानदार हसला. सिद्धी काही हसली नाही.

ती तुयेच्या कारखान्यात मशीन चालवायची. मशीन चालू कसं होतं ते नंतर, आधी ते बंद कसं होतं ते बघायचं, ही तिची खोड. तिची नजर बघून दुकानदार मुकाट्याने आत गेला आणि दुसरा कटर घेऊन आला. याचं पातं आखूड. वरच्या मुठीपुढे एक आडवी पट्टी. पात्याचं टोक अडकून कटर उलटा अंगावर उसळलाच, तर ती पट्टी मागे हाताला आपटते आणि साखळी जागच्या जागी थांबते. सिद्धीने दुकानदाराला बाहेर नेऊन तो कटर चालू करायला लावला, पट्टी ढकलायला लावली, पुन्हा चालू करायला लावला. सुटी साखळी मिळते का, बिघडला तर दुरुस्त कोण करणार, सगळं विचारून त्याचे कान किटवले. वर गमबूट, हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा घेतला. दुकानदार घामाघूम झाला.

सगुण ती आडवी पट्टी बोटाने चाचपत होता. जन्मभर त्याने लोकांची झाडं लोकांच्या कटरने पाडली. त्या कटरांचे ब्रेक कोणीतरी कधीच काढून फेकलेले असायचे. त्यातल्याच एकाने त्याची पोटरी फाडली होती, आणि ती जखम पुसायला पाणी घेऊन लहानगी सिद्धी बसायची. म्हणून आज हा सगळा थाट.

पेडण्यात सिद्धीने स्वतःच्या कमाईवर जागा घेतली होती, घर बांधलं होतं. नव्या कौलांवर आंब्याची एक जाड फांदी ओणवी झाली होती. वारा सुटला की कडकड वाजायची. बापाने आपल्या जागेत, आपल्या मशीनने, ती फांदी पाडावी आणि आपण ते दारात उभं राहून बघावं, एवढीच सिद्धीची हौस होती.

पण सगुण कटरला हात लावील तर शपथ. म्हणजे हात लावायचा, पण पुसायला. फडक्याने पुसायचा, तेल बघायचा, पुन्हा गोणपाटात गुंडाळून ठेवायचा. सिद्धी कामावरून आली की फांदी जिथल्या तिथे.

"बाबा, मशीन आवडूक नाय तुका?"

"बरां आसा गो."

"मगे भंय दिसता?"

तो नुसता हसला. सिद्धीला ते फार लागलं. एवढं घर बांधलं, पण बापाला ते अजून आपलं वाटतच नाही, असं तिच्या मनाने घेतलं. शेवटी ती चिडली. "आयताराक पाडूक नाय तर मी दुसरो माणूस बोलावतंय."

"आयताराक पाडतंय," सगुण म्हणाला.

रविवार उजाडला. सगुण बाहेर आला तो इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, खाली गमबूट. आणि पुढच्या सोप्यावर चहाची बशी फुंकत बसले होते बाबुराव. सगुणनेच त्यांना आवतण दिलं होतं.

सिद्धीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबुराव म्हणजे जुन्या भाटकाराचे, जमीनमालकाचे, मुकादम. त्या भाटकाराच्या जमिनीत सगुण मुंडकार होता. घर त्याचं, पण खालची माती नि वरचं झाड मालकाचं. वाळलेली काटकी छाटायची-मारायची तरी मालकाच्या पायरीखाली उभं राहायचं, चपला काढायच्या, विचारायचं. बाबुराव निरोप आत न्यायचे आणि बहुतेक वेळा 'नाही' घेऊन बाहेर यायचे. अशाच एका 'नाही'पायी फणसाची फांदी घरावर कोसळली होती, आणि सिद्धीच्या आईने अख्खा पावसाळा चुलीवर ताडपत्री धरून काढला होता.

"ह्यांका कित्याक बोलावलंस?" सिद्धीने दात आवळून विचारलं.

"बघूंदेत," सगुण म्हणाला.

त्याने कटर उचलला आणि अंगणात उतरला. झाडाकडे न जाता तो घराच्या पायरीशी वळला. कटर खाली ठेवला. एक गमबूट काढला, मग दुसरा, आणि अनवाणी मातीत उभा राहिला. मान थोडी खाली, हात पुढे बांधलेले.

दारात सिद्धी चरकली. जुनी सवय. हा आता बाबुरावांना विचारणार, माझ्या दारात, माझ्या झाडासाठी. बाबुरावांनाही तसंच वाटलं असणार. ते खुर्चीत सरळ झाले, बशी बाजूला ठेवली आणि सवयीने हात उचलून म्हणाले, "मार, मार सगुणा."

सगुणने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याने मान वर केली. त्याचं तोंड अभिमानाने फुललं होतं. शेजारच्या घरापर्यंत ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात त्याने दारातल्या लेकीला विचारलं,

"भाटकारीणबाय, तुज्या जमनीतली ही फांदी मारूं?"