जूनचा खांब

भक्तीनं आलेख पुन्हा खोडला. पुन्हा तेच. बाकीचे महिने जमिनीला चिकटलेले आणि जूनचा खांब कागदाबाहेर निघालेला.

ताडकळसच्या म्हाताऱ्या माणसांचे जन्ममहिने विचारून आलेख काढायचा, एवढाच संख्याशास्त्राचा गृहपाठ. त्यासाठी ती उन्हातान्हात दारोदार फिरली होती. कॉलेजातल्या सरांनी मात्र कागद परत ढकलला होता. "सगळं गाव जूनमध्ये जन्मलं? घरी बसून आकडे लिहिलेस. उद्या खरे आण, नाहीतर गुण विसर."

"आबा, मला आता येड लागायचंच बाकी हाय!" तिनं पेन्सिल आपटली.

आजोबा, आबासाहेब, निवृत्त मास्तर. शिकवायला कुणी भेटलं की जेवण विसरायचे. "आकड्यांवर कामून चिडायलीस? तू इचारलंस काय?"

"जन्मतारीख."

"मग लोकांनी आधारकार्ड दाखवलं असंल. आमच्या वेळी तारीख कुणाला म्हाईत? शाळेत नाव घालताना मास्तर एक जून टाकून मोकळे व्हायचे. तारीख सोड. तव्हा शिवारात काय चालू होतं, गावात काय घडलं होतं, ते इचार."

"अवो, पोरीला आधी जेवू तर द्या," आजी, नर्मदाबाई, म्हणाल्या.

"तू मधी बोलू नको. मी मोठा हाय तुझ्यापेक्षा."

या घरातला प्रत्येक वाद याच वाक्याशी संपायचा. नर्मदाबाई भाकरी थापत राहिल्या.

भक्ती तशीच उठली, चपला घातल्या आणि पुन्हा गावात फिरली. या खेपेला म्हातारी माणसं खुलली. कुणी पोळ्याला जन्मलेलं, कुणी ज्वारीच्या काढणीत, कुणी ऐन संक्रांतीला. जूनचा खांब खचत गेला, बाकीचे महिने डोकं वर काढू लागले. दिवेलागणीला घरचीच दोन नावं उरली.

"लिही," आबा ऐटीत म्हणाले. "रझाकारांच्या भीतीनं सगळी गावं रानात पळाली, तव्हा मी आईच्या पोटात होतो. पोलीस ॲक्शन झाली अन् दसऱ्याला मी जन्मलो."

भक्तीनं ऑक्टोबर धरला. "अन् आजी, तू?"

"येळवशीला गं माय. रानात जेवायला गेल्यावर आईला तिथंच कळा आल्या."

"म्हणजे मार्गशीर्षातली वेळा अमावास्या, डिसेंबर. कोणतं साल?"

"साल न्हाई सांगता यायचं." नर्मदाबाईंनी भाकरी उलटली. "पण ती पळापळ झाली ना, तव्हा मी आईचं बोट धरून पळाले."

भक्तीची पेन्सिल थांबली. आबांचा घास हातातच राहिला.

"इतकी वर्षं बोलली न्हाईस?"

"तुमीच म्हणायचे ना, मधी बोलू नको."