तीस किलो सामान

“आई, तू जर्मन आहेस का गं?”

सलोमेने एका दमात विचारून टाकलं. ‘तुझी हिंमतच नाही होणार,’ असं तिच्या मैत्रिणी, ओदिल आणि फ्रीदा, शाळेच्या फाटकात म्हणाल्या होत्या. झाली की!

आई कोबी चिरत होती. सुरी थांबली नाही.

“कोणी शिकवलं हे?”

“शिकवायला कशाला हवं? तू तोंड उघडलंस की गावाला कळतं, नदीपलीकडची आहेस ते.”

“फ्रायबुर्गमध्ये वाढले, तर बोलणार कशी? हात धू आणि ताटं मांड.”

बाबा छाटणीच्या कात्रीला धार लावत बसले होते. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. म्हणजे प्रश्न विचारून झाला, पैज जिंकून झाली, आणि उत्तर मात्र कुठेच नाही.

नोव्हेंबरात महायुद्ध संपलं, फ्रेंच फौज आली आणि जवळजवळ पन्नास वर्षं जर्मनीकडे असलेलं आल्सास पुन्हा फ्रान्सचं झालं. मग कार्डं आली. ए म्हणजे आपला. बी म्हणजे आईबापांतलं एक इकडचं, एक तिकडचं. सी म्हणजे तिसऱ्याच देशाचा; तो गावात एकच होता, स्विस चीजवाला. आणि डी म्हणजे जर्मन. डीवाल्याला नोटीस आली की चोवीस तासांत तीस किलो सामान उचलायचं आणि ऱ्हाइनचा पूल ओलांडायचा. पोस्टमास्तर गेले, जुने हेडमास्तर गेले. हेडमास्तरांच्या हॅटवर कोणीतरी घोड्याची लीद फेकली तेव्हा सगळे हसले. सलोमेसुद्धा.

आता ते हसू तिला आठवायलाही नको वाटायचं. कारण सोळावं लागल्यावर तिचंही कार्ड आलं होतं. बी.

“सोपं गणित आहे,” ओदिल दुसऱ्या दिवशी म्हणाली. “तुझ्या घरात एक जण डी आहे. तुझे बाबा? अगं, आपल्या आल्सासच्या भाषेत त्यांच्याइतकी खणखणीत शिवी देणारा माणूस कोलमारपर्यंत सापडायचा नाही! मग राहिलं कोण?”

“पण माझा काका म्हणतो, बोलणं बघत नाहीत,” फ्रीदा म्हणाली. “जन्म कुठला तेही बघत नाहीत. आजोबा कुठून आले ते बघतात.”

“मग हिच्या आईचे आजोबा काय चंद्रावरून आले असतील? तिकडचेच ना!”

सलोमे हसली, पण तिची वेणी तीनदा सुटली आणि तीनदा तिने ती उगाच घट्ट बांधली.

आईबाबांची कार्डं आईच्या कपाटात होती आणि किल्ली आईच्या गळ्यात. घरात कोणी काही बोलत नव्हतं. फक्त माळ्यावरची पेटी खाली आली होती. आई तिच्यात काहीतरी भरायची, पेटी द्राक्षं तोलायच्या काट्यावर ठेवायची, पुन्हा उघडायची आणि काहीतरी बाहेर काढायची.

आणि बाबा भर थंडीत आईला द्राक्षमळ्यात घेऊन जायचे. सलोमे बांधावरून बघत राहायची.

“ही फांदी ठेव, ती काप. कोंबाचे दोन डोळे सोडून. हां. आता तिरका काप दे. पाणी डोळ्यावर नको यायला.”

“माझे हात गोठलेत हो.”

“माहीत आहे. पुढची वेल.”

जाणाऱ्या माणसाला छाटणी कशाला शिकवायची? आईचं मन रमावं म्हणून असेल, सलोमेने ठरवून टाकलं. बाबा असेच. प्रेम करायचं तेसुद्धा कामाला लावून.

रात्री तिला झोप येईना. लिओं शहराहून शाळेत आलेल्या नव्या बाई तिला म्हणाल्या होत्या, “तुझ्या फ्रेंचला तोड नाही. कोलमारच्या शिक्षिका विद्यालयात तुला मी स्वतः पाठवते.” जर्मन शाळेत कायम मागच्या बाकावर बसलेली सलोमे आता पहिल्या बाकावर होती, आणि तिला तो बाक फार म्हणजे फार आवडला होता. शिवाय आईला पलीकडे मावशी होती, तीन मामेभाऊ होते. बाबांना कोण होतं? कोणी नाही. बाबांना एकटं सोडायचं नाही, एवढं तर अगदी नक्की होतं. आई जाईल. आपण इथे राहायचं. वाईट वाटेल. पत्रं लिहू.

पुढच्या गुरुवारी ती शाळेतून आली तर दारात हातगाडी उभी, गाडीवर पेटी. रस्त्यापलीकडे ओदिलचा भाऊ भिंतीला टेकून उभा होता, हात पाठीमागे, काहीतरी लपवल्यासारखे. ती धावतच आत शिरली.

आई आणि बाबा जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसले होते. मध्ये दोन कार्डं आणि शिक्का मारलेला एक कागद.

“बस,” आई म्हणाली.

“नाही, आधी माझं ऐका. मी सगळा विचार केलाय. मी काही लहान नाही आता. आई, तू रडायचं नाही हं, मी...”

आईने कार्डं तिच्यापुढे सरकवली. कागदही.

सलोमेने वाचलं. मग पुन्हा वाचलं, एकेका ओळीवर बोट ठेवून, पहिलीतल्या मुलीसारखं: आईचे आजोबा कोलमारचे, बाबांचे आजोबा नदीपलीकडचे. बाबांनी तिच्याकडे बघितलं आणि लगेच खिडकीबाहेर नजर वळवली.

तिने दप्तर खांद्यावरून काढलं आणि जमिनीवर ठेवलं.

“माझं ठरलंय. आई, तू घर सांभाळ. बाबांबरोबर पूल मी ओलांडणार.”