ट्रकवाली गाठ

नर्सनं चहाचा कप तोंडाला लावला, तोच लेकीच्या शाळेतून फोन आला. "घाबरू नका," बाई म्हणाल्या. "हिच्या बुटांच्या गाठी काही केल्या सुटत नाहीत. पोहायचा तास सुरू होतोय. येता का जरा?" नर्सला हसू फुटलं. ट्रकड्रायव्हर नवऱ्याला मालकानं सकाळी उशिरा यायची मुभा दिल्यापासून लेकीची तयारी तोच करायचा, आणि ट्रकवरचा माल बांधावा तशा नाड्या आवळायचा. "ज्यानं बांधल्यात त्यालाच बोलवा," ती म्हणाली. "अहो, बाबा कामावर असतील ना?" "मीही कामावरच आहे, बाई." बाईंनी नंबर घेतला. नर्सनं आज चहा गरम असतानाच संपवला. अर्ध्या तासानं मेसेज आला: "बाबा आले, गाठी सुटल्या. पण पोहायला कुणीच जाईना. अख्खा वर्ग बूट घेऊन तीच गाठ शिकायला बसलाय."