हद्दूचा ओठ
विधवा इज्जाच्या खजूरबागेचं पाणी शेजारच्या बड्या बागायतदाराने चोरलं, अशी साक्ष म्हाताऱ्या हद्दूने पंचांसमोर शपथेवर दिली आणि पंचांनी इज्जाचं पाणी सोडवून दिलं. महिन्याभरात त्याच्या खालच्या ओठावर खजुराच्या बीएवढी जांभळी गाठ आली. बागायतदाराची माणसं चहाच्या दुकानात खिदळू लागली, “खोटी शपथ घेतली, अल्लाहने तोंड काळं केलं बघा!” लोक हद्दूचा सलाम घेईनासे झाले आणि पंचांनी इज्जाचं पाणी पुन्हा अडवलं. शेवटी त्याच्या मुलाने, बासूने, त्याला गाडीत घालून झागोरा शहरातल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी गाठीवर काच दाबली तसा जांभळा रंग ओसरला, काच उचलताच परत भरला. “काका, ही नुसती फुगलेली रक्तवाहिनी. जन्मभर उन्हात राबलात, वय झालं, म्हणून आली. एवढी मोठी क्वचितच दिसते, पण निरुपद्रवी आहे.” परतताना बासू गाणं गुणगुणत होता. “सुटलो, बाबा! म्हणजे तुमची साक्ष खरीच होती.” “गाडी थांबव.” “इथे? का?” “थांबव म्हणतो ना!” हद्दू खाली उतरला. “त्या लोकांना पाणी हडपायचं होतं. तुझं काय अडलं होतं रे? बापाचा शब्द खरा मानायला तुला डॉक्टरीण लागली?” त्याने दार आपटलं आणि भर उन्हात चालू लागला, बासू मागून हाका मारत राहिला. संध्याकाळी तो धुळीने माखलेला पंचांसमोर उभा राहिला. “तीच शपथ पुन्हा घेतो. पण आधी माझ्या मुलाला बोलवा, त्याला पुढे बसवा.”