लाइन जोडून दिल्यावर

“काही कमी-जास्त झालं, तर तुमच्या जवळपास कोणाला फोन करू?” समुपदेशक बाईंनी लॅपटॉपच्या पडद्यावरून विचारलं.

सुनेने भिंतीकडे पाहिलं. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं तिने धडाधड दिली होती. राहता पत्ता, जवळचं इस्पितळ, चालू औषधं. मराठीतून बोलणारी आणि या देशात काम करण्याचा परवाना असलेली बाई शोधण्यात तिचा अर्धा हिवाळा गेला होता. तयारी सगळी झाली होती, एवढं एकच राहिलं होतं.

“माझी बहीण चालेल?”

“कुठे असते?”

“तिकडे. माहेरी.”

“त्या तिथून विमानात बसून येईपर्यंत काय ते होऊन गेलेलं असेल,” बाई हसून म्हणाल्या. “दार ठोठावता येईल असं कोणी सांगा.”

नवरा ऑपरेशन थिएटरात नर्स होता, कामावर असताना त्याचा फोन कपाटात बंद असायचा. ती कवळ्या बनवायची त्या लॅबमधल्या कोणाला यातलं काही कळू द्यायचं नव्हतं. म्हणजे उरलं एकच माणूस, तेही भिंतीपलीकडे. सासरे.

नेमकं त्यांच्यापासूनच तिने हे लपवलं होतं. मुलाने कानाची नवी मशीनं घेऊन दिल्यापासून सासऱ्यांना फ्रिजची घरघरही ऐकू यायची आणि दिवसभरात जे ऐकलं ते संध्याकाळी फोनवरून त्यांच्या थोरल्या बहिणीकडे पोचायचं. तिथून पुढे गोतावळ्यात. भिंत तर अशी, की पलीकडे कोणी शिंकलं तर इकडून ‘शतायुषी व्हा’ म्हणता यावं. याच धास्तीने तिने बाईंची वेळ दोनदा रद्द केली होती. आज रद्द केली तर ही वेळ रांगेतल्या दुसऱ्या कोणाला जाणार होती. आणि रोज सकाळी कामाला म्हणून निघायचं, थांब्यावर बसायचं आणि समोरून बस जाऊ द्यायची, हे आता लपून राहणारं नव्हतं.

“आलेच,” म्हणून ती उठली.

सासरे जेवणाच्या टेबलावर धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावत बसले होते.

“बाबा, मी कामाची मीटिंग म्हटलं ना, ती तशी नाहीये.”

“माहितीये.” त्यांनी निळा मोजा निळ्याशेजारी ठेवला. “कामाच्या मीटिंगला कोणी आधी तोंड धुऊन, मग देवापुढे बसल्यासारखं डोळे मिटून बसत नाही.”

तिने उभ्याउभ्याच सांगून टाकलं. मन ठिकाणावर नाही, एका बाईंशी बोलायचंय, डॉक्टरकडे जातात तसंच हे. काही झालं तर त्या फोन करणार, त्यासाठी तुमचा नंबर हवाय.

“पण मी आत जे बोलेन ते...”

“मी ऐकायचं नाही.”

“हो.”

“आणि ताईला सांगायचं नाही.”

“ते तर मुळीच नाही.”

सासऱ्यांनी जरा विचार केला. “माझ्याबद्दल बोलणार आहेस?”

“थोडंसं.”

“थोडंसंच?” ते किंचित खट्टू झाले. मग म्हणाले, “सूनबाई, मी जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंककॉल जोडले. आमचा एक नियम होता. लाइन जोडून दिली, की ऑपरेटरने कान काढून घ्यायचा.”

त्यांनी उजव्या कानातलं मशीन काढलं, मग डाव्यातलं. दोन्हींची सेलची झाकणं उघडली आणि मशीनं तिच्या तळहातावर ठेवली. आता शेजारी ढोल वाजला असता तरी त्यांना पत्ता लागला नसता.

तिने अंगठा-करंगळीचा फोन करून कानाला लावला आणि भुवया उंचावल्या. फोन आला तर?

सासऱ्यांनी आपला फोन थरथरण्यावर ठेवला, शर्टाच्या वरच्या खिशात टाकला आणि त्यावर हात दाबून धरला.

“थरथरला की दार तोडून आत येतो,” ते म्हणाले. मशीनं नसली की त्यांना आपला आवाज किती चढलाय ते कळायचं नाही. “तू जा. माझ्याबद्दल हवं ते सांग.”

ती परत आली तेव्हा समुपदेशक बाई ओठ दाबून हसू आवरत होत्या. “माणूस मिळालं वाटतं.”

तिने नंबर सांगितला.

“आता तुमचं बोलणं कोणाच्या कानावर जात नाही ना?”

सुनेने कीबोर्डशेजारी ठेवलेल्या दोन मशीनांकडे पाहिलं. “नाही,” ती म्हणाली, आणि बसथांब्यापासून सुरुवात केली.

वेळ संपल्यावर तिने दार उघडलं. सासरे तिथेच बसून होते, हात खिशावर तसाच. मोज्यांचा ढीग होता तेवढाच होता, एका हाताने जोड्या लागत नाहीत.

तिने मशीनं परत दिली. ती कानात बसतात न बसतात तोच खिशात फोन थरथरला. सासरे ताडकन उठले, तिच्या खोलीच्या दाराकडे दोन पावलं गेले, आणि ती मागेच उभी आहे हे लक्षात येऊन ओशाळले. फोन बहिणीचा होता. त्यांनी तो नेहमीसारखा स्पीकरवर टाकला.

“काय रे, आज काय विशेष?”

“विशेष काही नाही, ताई. आज मी ड्यूटीवर होतो.”

“या वयात कसली ड्यूटी? आणि सूनबाई कुठेय, तिचा आवाज नाही तो?”

सासऱ्यांनी सुनेकडे पाहिलं. मग एक मोजा उचलला आणि त्याचा जोडीदार शोधायला लागले.

“ताई, जरा मोठ्याने बोल गं,” ते म्हणाले. “नीट ऐकू येत नाहीये.”